आमच्या वावरातला पाऊस



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. मी म्हटलं, मी पावसावर बोलते. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय, पण त्यावर बोलायला लागले तर मागच्या बाकावरचे तेव्हा झोपायचे तसे आताही झोपतील.

सातवीत भूगोलाच्या सरांनी आपल्याकडून पर्जन्यमापक करून घेतला होता, आठवतो? काचेची बाटली, वर नरसाळं, मैदानाच्या कोपऱ्यात विटांचा आडोसा. सकाळी बरोबर साडेआठला मोजायचं आणि कोरड्या दिवशीही वहीत शून्य लिहायचं. मी आणि माझा जोडीदार (समोरच बसलाय, नाव घेत नाही) आठवड्याची शून्यं शनिवारी एकदम लिहायचो. सर, आज कबूल करते. साडेआठच का, हे मला इंजिनिअर झाल्यावरही माहीत नव्हतं. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, हे मला फार उशिरा कळलं.

कळायचं कारण दादा. आमचं वावर चिखली तालुक्यात. चार वर्षांपूर्वी एका रात्रीत सोयाबीन पाण्याखाली गेलं, पण मदतीच्या यादीत आमचं मंडळ नव्हतं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळाचं हवामान केंद्र आमच्या वावरापासून नऊ किलोमीटरवर. बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं म्हणतात, तिथे नऊ किलोमीटर म्हणजे दुसरा मुलूखच. केंद्राची काही चूक नव्हती. त्याच्यावर जेवढा पडला तेवढा त्याने मोजला. मग म्हटलं, आपल्यावर पडतो तो आपण मोजू.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्र बांधलं. 15 सेंटिमीटर व्यासाचं स्टीलचं नरसाळं, त्याखाली सी-सॉसारखी दोन खणांची छोटी पन्हळ. एका खणात 4.4 मिलिलिटर पाणी साचलं की ती कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा खण धारेखाली येतो. प्रत्येक कलंडीला चुंबक एका स्विचवरून जातं आणि एक ठोका मोजला जातो. एक ठोका म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस. वाऱ्यासाठी वहिनीच्या तीन डावांच्या वाट्या कापून फिरकी केली. (डाव नवे आणून दिले, तरी विषय अजून निघतो.) ती फिरकी किती वेगाला किती फिरते हे ठरवायला पहाटे, वारा पडलेला असताना, दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून, काठी उंच धरून मेहकर रोडने एकदा जाऊन एकदा परत आलो. दूधवाल्यांनी गाड्या थांबवून बघितलं.

दादाने विचारलं, "हे भेंडवळसारखं आगुदर सांगते का?" आपल्या जळगाव जामोद तालुक्यातली ही घटमांडणी. अक्षय तृतीयेला अठरा धान्यांचा घट, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि दुसऱ्या सकाळी भाकीत. आमचे वडील ते पेपरात वाचल्याशिवाय चहा घेत नसत. मी म्हटलं, नाही रे, हे फक्त पडून गेलेलं सांगतं. त्याचा चेहराच उतरला.

पण वाऱ्याने त्याचं मन जिंकलं. ताशी 15 किलोमीटरच्या वर वारा असला की फवारा शेजाऱ्याच्या वावरात आणि आपल्या नाकातोंडात. आता तो मोबाईल बघून पंप पाठीवर घेतो. हवामान खात्याचं वारामापक 10 मीटर उंचीवर असतं, आमचं तीनच मीटरवर. आकडा कमी येतो, पण पीक तिथेच असतं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तशीच रात्र आली. सकाळी दादाचा फोन: "तुह्या मशीनमंधी 71 दिसते अन् मंडळात 58. आता बोल! अर्ज करू का?" गावातले दहा-बारा जण त्याच्यासोबत तयार होते. मी छपाई काढायला घेतली, आणि हात थांबला. हे यंत्र मी एकदाही तपासलं नव्हतं.

शनिवारी गावी आले. सलाईनच्या नळीने एक लिटर पाणी थेंबथेंब नरसाळ्यात सोडलं. हिशोबाने 227 ठोके यायला हवेत. आले 251. कलंडताना स्विच थरथरायचा आणि कधीकधी एकाचे दोन मोजायचा. ही चूक यंत्राची नव्हती, माझ्या प्रोग्रामची होती. दोन ओळी कमी होत्या. माझ्या हाताखालच्या मुलांना मी ज्यासाठी रागावते, तीच. त्या हिशोबाने 71 चे होतात 64.

मग तेच पाणी भराभर ओतलं, मुसळधार पडतो तसं. दुरुस्तीनंतर ठोके आले 212. पन्हळ कलंडत असताना येणारं पाणी मोजलंच जात नव्हतं. म्हणजे एक चूक आकडा वर नेत होती आणि दुसरी खाली. त्या रात्री आमच्या वावरात 63 पडला की 68, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

पारावर जाऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. एक काका म्हणाले, "बाप्पा, एवढं शिकून हेच सांगाले आली का तू?" काहीजण उठून गेले. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. अर्ज गेला नाही. आजही मला कधीकधी वाटतं, गप्प राहिले असते तर?

तिसऱ्या दिवशी दादाने स्वतःच विचारलं, "मंग बरोबर कसं मोजाचं?" मी यंत्राशेजारी बाटली आणि नरसाळं ठेवलं, सरांचंच. तिला स्विच नाही, प्रोग्राम नाही. पुतणी रोज साडेआठला मोजते आणि वहीत लिहिते. शून्यंसुद्धा, त्याच दिवशी. रात्रभराचा एकूण पाऊस बाटली सांगते, आणि तो कधी, किती जोरात पडला हे यंत्र सांगतं. दोघांत फरक पडला की मी गावी येते. मागच्या वर्षी असाच फरक पडला, तेव्हा नरसाळ्याच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं.

आता काम सांगते. आमच्या मंडळातल्या आणखी पाच-सहा गावांत अशा बाटल्या ठेवायच्या आहेत. नरसाळी मी आणलीत, गाडीच्या डिकीत आहेत. ज्यांचं वावर तिकडे आहे आणि घरात साडेआठला उठलेलं कोणी असतं, त्यांनी जेवणानंतर मला भेटा. आणि सर, जमलं तर पहिल्या महिन्याच्या वह्या तुम्ही तपासा. लाल शाईने.