एक चमचा विरजण

ओळखीचे एक गृहस्थ परवा मोठ्या समाधानानं सांगत होते, "टाकीतला मासा फार वाढला होता. मारवेना, म्हणून मुळा नदीत सोडून आलो. तेवढंच पुण्य." त्यांच्या दयेबद्दल मला शंका नाही. पण वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगतो. टाकीतला मासा नदीत सोडू नका. ओढ्यात नको, तळ्यात नको, विहिरीतही नको.

पातेलंभर दुधाला विरजण किती लागतं? चमचाभर. रात्री लावलं की सकाळी दही. मग तो चमचा परत काढून दूध करून दाखवा बरं! चिलापीचं तेच झालं. हा आफ्रिकेतला मासा 1952 साली आपल्या देशात आणला. याची मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लंही तोंडातच सांभाळते. अशी एक मादी पाण्यात पडली की झालं, हाच तो चमचा. शिवाय विरजण लागायला दूध कोमट हवं. आपल्या धरणांचं थांबलेलं, उथळ, उबदार पाणी अगदी तसंच असतं. आज उजनी धरणाकाठी चिलापी अशी ताटात येते की ती मूळची इथलीच वाटावी.

मागे उजनीकाठच्या भिगवणला एक मच्छीमार जाळ्याचे धागे सुरीनं कापत बसलेला पाहिला. आत सकर मासा अडकला होता. काळपट, अंगावर चिलखतासारखी कडक तकटं, परांना काटे. काच चाटून साफ करतो म्हणून आपणच दुकानातून आणतो तो हा मासा. काठाला बिळं पाडून त्यात अंडी घालतो. मच्छीमार म्हणाला, "सर, ह्याला कुणी इकत घेत न्हाई, आन् ह्यो लवकर मरतबी न्हाई." पाण्याबाहेर काढून बराच वेळ झाला होता, तरी त्याचे कल्ले हलत होते.

आता रोगाचं. भांडं नीट विसळलं नाही तर त्यात ओतलेलं ताजं दूधही नासतं. इकडच्या तळ्यातली बादली, जाळं न वाळवता तिकडच्या तळ्यात घातलं की तसंच होतं. माशांच्या अंगावर व्रण पडण्याचा रोग 1988 मध्ये ईशान्येकडून देशात शिरला. बुरशीसारखा एक जीव पाण्यातून येतो आणि खरचटलेल्या कातडीतून आत घुसतो. आधी लाल डाग, मग मांसापर्यंत जखम. पाऊस संपून पाणी गार झालं की जोर जास्त. आपला देशी मासा मरळ याला पटकन बळी पडतो. चिलापीला मात्र तो सहसा बाधत नाही. मरळ गेली की तिची जागा कोण घेणार, हे वेगळं सांगायला नको.

"आपलाच देशी मासा सोडला तर?" असं कुणी विचारेल. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये मुळा-मुठेच्या महसीर माशाचं वर्णन छापलं. त्याच्या शास्त्रीय नावातला 'खुद्री' शब्द इथलाच. लोणावळ्याला त्याची पैदास झाली, हे मोठं काम होतं. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या कुबडाच्या महसीरची जागा आपल्या महसीरनं व्यापली. तो कुबडाचा मासा 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे आपल्या घरचं उत्तम विरजणसुद्धा दुसऱ्याच्या दुधात...

वेळ संपल्याची खूण झाली, मला आवरायला हवं. बंदी असलेल्या परदेशी मांगूर माशाचं राहूनच गेलं. पुन्हा सांगतो, टाकीतला मासा नदीत सोडू नका. नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, किंवा टाकी असलेल्या दुसऱ्या कुणाला. आणि टाकीचं पाणी बदलाल तेव्हा ते गटारात ओतू नका, गटार नदीलाच मिळतं. ते कुंड्यांना घाला, झाडांना चांगलं असतं.