शनवार तेल्यांचे तीर्थक्षेत्र
(देवनार येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यू धर्मीयांची पवित्र नगरे चार मानली जातात: जेरुसलेम, हेब्रॉन, तिबेरिया आणि सफद. यांतील सफद हे गॅलिलीच्या डोंगरमाथ्यावर वसलेले गाव. सोळाव्या शतकात स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंना तेथे आसरा मिळाला. त्याच गावात योसेफ कारो याने ज्यू धर्मशास्त्राचा आजही प्रमाण मानला जाणारा ग्रंथ सिद्ध केला, आणि 1572 साली ऐन तारुण्यात वारलेला इसहाक लुरिया याने गूढवादाची नवी परंपरा उभी केली. आज जो प्रवासी तेथे जातो त्याला निळ्या रंगाची दारे, अरुंद चढाच्या गल्ल्या आणि चित्रकारांची वसाहत दाखविली जाते. ही चित्रकारांची वसाहत 1948 पर्यंत अरबांची वस्ती होती, आणि तेथील जुन्या मशिदीत आता चित्रांचे प्रदर्शन भरते, ही गोष्ट मात्र चौकस प्रवाशाला स्वतःहून विचारावी लागते. 1948च्या मे महिन्यात सफदमधील हजारो अरबांना गाव सोडावे लागले. पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास यांचा जन्म त्याच गावचा, 1935 सालचा. एका निर्वासिताला आसरा देणारे तीर्थ दुसऱ्याला निर्वासित करते, ही सफदची शोकांतिका होय.

तथापि सफदला जाण्याची ऐपत असलेले श्रोते या सभागृहात थोडेच असतील. देवनारहून शंभर किलोमीटरच्या आत एक ज्यू तीर्थस्थान आहे, तिकडे मात्र एस्. टी.ने जाता येते. मानखुर्दची खाडी ओलांडावी, पनवेल, पेण, वडखळ मागे टाकावे; अलिबाग येण्यापूर्वी खंडाळे गावाच्या परिसरात एक खडक लागतो. त्या खडकावरील खुणांना बेने इस्राएल लोक ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. अग्निरथातून स्वर्गारोहण करणाऱ्या एलिया प्रेषिताच्या घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकांचे ठसे या खडकावर उमटले, अशी श्रद्धा आहे. जेरुसलेमच्या पंडितांच्या ग्रंथांत या खडकाचा उल्लेख सापडणार नाही. तेली, शिपाई, सुतार आणि कारकून यांच्या भक्तीने हे तीर्थ निर्माण केले.

नवस फिटला की येथे यावयाचे, लग्न झाले की नवदांपत्याने यावयाचे, आणि झाडांच्या नववर्षाच्या सणाला मेळा भरवावयाचा, असा हा परिपाठ आहे. प्रसाद मलिद्याचा: भिजविलेले पोहे, साखर, ओला नारळ आणि वर फळे. मलिदा हा शब्द फारसी वळणाचा. पिराच्या दर्ग्यावरही मलिदाच चढतो. प्रार्थना हिब्रू, ताटातील पोहे कोकणी आणि प्रसादाचे नाव मुसलमानी! ज्यांना संस्कृतीची शुद्धता शोधावयाची आहे त्यांनी खंडाळ्याला न गेलेले बरे.

या समाजाची स्वतःविषयीची कथा अशी की, फार प्राचीन काळी एक जहाज चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली, परंतु शनिवारची विश्रांती, सुंता आणि खवले-परांच्या माशांखेरीज मासा न खाण्याचा नियम टिकून राहिला. हे जहाज नेमके कोणत्या शतकातले, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण घाण्याविषयी मतभेद नाहीत. हे लोक घाण्यावर तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्मग्रंथाऐवजी एका सुट्टीच्या दिवसाने एका समाजाची ओळख शतकानुशतके जपली, ही गोष्ट आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडलेल्या कामगार चळवळीने तरी ध्यानात ठेवावी. आडनावे पाहिली तरी सर्व जुना कुलाबा जिल्हा डोळ्यांपुढे उभा राहतो: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर.

युरोपात ज्यूंच्या कत्तली होत होत्या त्या शतकांत कोकणात त्यांच्या वाटेला कोणी गेले नाही, ही अभिमानाची बाब आहे. पण अभिमान येथेच थांबविला पाहिजे. कोकणाने या पाहुण्यांना जागा दिली ती जातीच्या उतरंडीतील एक पायरी म्हणून. आणि पाहुण्यांनीही ती उतरंड स्वतःच्या घरात नेली. ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद त्यांच्यात पडले. इतर जातीच्या स्त्रियांपासून झालेली संतती ती काळी. तिच्याशी बेटीव्यवहार नाही. विधवाविवाहाविषयीची नाखुशीही त्यांनी शेजाऱ्यांकडूनच उचलली. जातिव्यवस्था ही केवळ हिंदूंची खासगी व्याधी नव्हे, या मातीत जो रुजला त्याला तिचा संसर्ग झाला, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पुढे हा समाज मुंबईत आला. 1796 साली कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. 1937 साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. गांधीजींवर उपचार करणारे डॉ. एरुलकर याच समाजाचे. आणि 1948 नंतर, इस्राएल राष्ट्र निर्माण झाल्यावर, सुमारे वीस हजारांचा हा समाज हळूहळू निघून गेला. आज भारतात काही हजारच उरले आहेत.

तेथे काय घडले? 1951च्या अखेरीस काही बेने इस्राएल कुटुंबांनी तेल अवीव येथे धरणे धरले: रंगामुळे आपल्याला दुय्यम वागणूक मिळते, आपल्याला भारतात परत पाठवा. गांधींच्या देशातून गेलेल्या माणसांनी पवित्र भूमीत सत्याग्रहाचे हत्यार उपसले. त्यांतील काहीजण परतलेही. पुढे 1962 मध्ये मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी यांच्या पूर्वजांची तपासणी करावी. खंडाळ्याच्या खडकासमोर प्रार्थना करणारे पुरेसे ज्यू नव्हते! 1964च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये पुन्हा धरणे धरले, तेव्हा कोठे संसदेने हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. कालपर्यंत ‘काळ्यां’ना दूर ठेवणाऱ्यांना दुसऱ्याच्या दृष्टीने आपण सारेच काळे ठरतो, हे तेथे कळले. आणि ज्यांनी हे सोसले त्यांनाही सफदच्या बेघर अरबांचे दुःख आपलेसे वाटले असे मात्र दिसत नाही. शोषित मनुष्य आपोआप दुसऱ्या शोषिताचा सोबती होत नाही. त्यासाठी संघटना लागते.

हे देवनारमध्ये सांगण्याचे कारण आहे. 1992-93च्या दंगलींत देवनार-गोवंडीच्या झोपडपट्ट्या पेटल्या. रोज एकाच नळावर रांग लावणारी माणसे एकमेकांवर उठली आणि त्यानंतर अनेकांनी आपल्या धर्माच्या वस्तीत बिऱ्हाडे हलविली. शेजाऱ्याचा सण कोणता, त्याच्या प्रसादाचे नाव काय, हे ठाऊक नसलेली पिढी आता येथे मोठी झाली आहे.

खंडाळ्याला जाणाऱ्यांनी तेथेच थांबू नये. अलिबागमध्ये इस्राएल आळी आहे, तेथील 1848 सालचे मागेन अबोथ प्रार्थनामंदिर पाहावे. डोक्यावर टोपी वा रुमाल असू द्यावा. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोपर्यंत आळीतील बहुतेक घरांतील माणसे निघून गेली होती. जी गेली त्यांनी इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. शेवटी नवगावचा किनारा. जहाज फुटल्यावर वाहून आलेली प्रेते तेथे पुरली, पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक, असे सांगतात. त्यांतील एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही.