पुन्हा तरुण व्हायचे, तर किती वर्षांचे?



नागपूरच्या या उन्हाळ्यात घरचा कूलर सोडून आपण येथे आलात, तेव्हा वक्त्याने आपला वेळ वाया घालवू नये ही आपली अपेक्षा रास्तच आहे. मी विद्वान नाही. माझी शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मिलच्या फाटकावर. म्हणून ज्या प्रश्नाची उत्तरे मला ग्रंथांइतकीच माणसांकडून मिळाली, तोच प्रश्न मी आज घेतला आहे.

प्रश्न असा. समजा, शरीर पुन्हा तरुण करण्याची विद्या साध्य झाली. मन, आठवणी, अनुभव आजचेच राहणार. फक्त शरीर मागे जाणार. तर मग कोणते वय मागावे?

गेले काही महिने भेटेल त्याला मी हे विचारीत आलो. कॉलेजात शिकविणारे एक स्नेही चटकन ‘पंचवीस’ म्हणाले. एका व्यापारी गृहस्थांनी ‘तीस’ सांगितले, पण दुकान आजचेच राहावे अशी अट घातली. एका निवृत्त कामगाराने मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि मलाच विचारले, “वीस वर्साचा झालो, तं पुन्हा चाळीस वर्स ड्युटीवर जा लागन का? अन् मंग पेन्शन बंद होईन का?” विड्या वळणाऱ्या एका बाईंनी तर आकडाच सांगितला नाही. “मले वय नोको, भाऊ,” त्या म्हणाल्या, “फक्त बसल्यावर उठता आलं पाह्यजे.”

ऐकून मी हसलो. पण घरी गेल्यावर ते हसू टिकले नाही. तरुणपण म्हटले की ज्याच्यापुढे मौज उभी राहते तो एक, आणि ज्याच्यापुढे पाळीचा भोंगा उभा राहतो तो दुसरा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

प्रथम शरीराचे काय ते पाहू. शरीराला एकच एक ऐन उमेदीचे वय आहे, ही आपली समजूत खरी नाही. शरीर हे मिलसारखे आहे. त्याच्या प्रत्येक खात्याची पाळी वेगळी. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीत सर्वांत अधिक असते. हाडे तिशीच्या सुमारास सर्वांत भरीव असतात. डोळ्यांतले भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत असते आणि चाळिशीला चष्मा लावल्यावर आपल्याला ते कळते. उलट शब्दांचे भांडार पन्नाशीनंतरही वाढत राहते. तेव्हा वैद्याला ‘मला अमुक वयाचा कर’ असे सांगण्याआधी कोणत्या खात्यासाठी ते वय मागतो, हे ठरवावे लागेल.

ही विद्या कोठवर आली आहे? आपल्याकडे कायाकल्पाची परंपरा जुनी आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी सन १९३८ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, अंधाऱ्या कुटीत राहून कायाकल्प करून घेतला. तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पण काळ थांबला नाही. सन १९४६ मध्ये ते निवर्तले. अलीकडच्या काळात जपानच्या शिन्या यामानाका यांनी सन २००६ मध्ये दाखवून दिले की, उंदराच्या कातडीतल्या प्रौढ पेशीत चार विशिष्ट जनुके कामाला लावली, तर ती पेशी गर्भातल्या पेशीसारखी होते. सन २०१२ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

यात माझ्यासारख्या माणसाला विचार करायला लावणारी एक गोष्ट आहे. पेशीला पार मागे नेले, तर ती तरुण होते खरी, पण आपले काम विसरते. कातडीची पेशी कातडीची राहत नाही. अशी पेशी जिवंत देहात निर्माण झाली, तर तिची गाठही होऊ शकते. म्हणून आता शास्त्रज्ञांचा प्रयत्न असा आहे की, पेशीला थोडेच मागे न्यावे आणि ती आपले काम विसरण्याआधी थांबावे. प्राण्यांवर असे प्रयोग झाले आहेत. म्हणजे ‘किती मागे जावे?’ हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न प्रयोगशाळेतही तसाच उभा आहे.

आता पुराणांकडे वळू. कारण हे तरुणपण येणार कोठून आणि त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न पेशीने सुटत नाही. ययातीची कथा आपणांस ठाऊक आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ या कादंबरीने ती घरोघरी नेली. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य आले. त्याने पाच मुलांना तारुण्य मागितले. चौघांनी नकार दिला, धाकट्या पुरूने होकार दिला. पुरूला पुढे राज्य मिळाले हे खरे. पण नकार देणाऱ्या चौघांना बापाने शाप दिले, हेही तितकेच खरे. नकाराला जेथे शाप आहे, तेथे होकार कितपत राजीखुशीचा, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी शिकवायला नको! गिरीश कार्नाड यांनी सन १९६१ च्या आपल्या नाटकात पुरूची पत्नी पुढे आणली आणि ज्या बाईला कोणी विचारलेच नाही, तिचा प्रश्न विचारला.

याच्या शेजारी च्यवन ऋषींची कथा ठेवा. तेही म्हातारे होते, तेही तरुण झाले. पण त्यांनी कोणाचे तारुण्य घेतले नाही. अश्विनीकुमारांच्या विद्येने त्यांना ते मिळाले. हे अश्विनीकुमार देवांचे वैद्य, पण माणसांत वावरतात म्हणून इंद्र त्यांना सोमपानाच्या पंक्तीला बसू देत नसे. च्यवनांनी शब्द दिला आणि यज्ञात त्यांचा वाटा त्यांना मिळवून दिला. इंद्राने वज्र उगारले, तर त्याचा हात जागच्या जागी थांबविला. एकाने मुलाचे तारुण्य उसने घेतले. दुसऱ्याने काम करणाऱ्याला त्याचा हक्क दिला. उद्या ही विद्या बाजारात येईल, तेव्हा ती ययातीच्या वाटेने येणार की च्यवनाच्या, हे आपण आजच विचारले पाहिजे.

येथे मी माझ्या वडिलांविषयी थोडे बोलतो. एका कापड मिलमध्ये ते कार्डिंगमध्ये होते. त्यांच्या वयाचे दोन हिशेब होते. पंधराव्या वर्षी कामाला लागले, तेव्हा कागदावर अठरा लिहिले. त्या वेळी पुष्कळ पोरे असेच करीत. त्यामुळे निवृत्तीही तीन वर्षे आधी आली. पण शरीर या दोन्ही हिशेबांच्या पुढे निघून गेले होते. दर सोमवारी कामावरून आले की त्यांची छाती भरून यायची. आम्ही मुले म्हणायचो, रविवारचे मटण बाधले. तेही हसत. ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचनालयात एका पुस्तकात मला वाचायला मिळाले की, रुईच्या धुळीने होणारा बिसिनोसिस नावाचा रोग आहे आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, छाती आवळणे हीच त्याची प्रथम खूण आहे. ते पुस्तक मिटून मी तसाच बसून राहिलो. इतकी वर्षे आम्ही मटणाला दोष देत होतो.

शेवटच्या दिवसांत ते म्हणायचे, नातवाला खांद्यावर घेऊन तेलंगखेडीच्या बागेत एकदा चढून जाता आले असते, तर बरे झाले असते. नीट पाहा, ते पंचविशी मागत नव्हते. साठीच्या माणसाचे जे शरीर त्यांच्या हक्काचे होते, तेवढेच ते मागत होते. त्या विडीवाल्या बाईही तेच मागत आहेत. आपल्यातल्या पुष्कळांना मागे जायचेच नाही. जे आधीच काढून घेतले गेले, ते परत हवे आहे.

आणि ते परत मिळाल्याची उदाहरणे आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सन १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. हिशेब करा. वर्षाला ५२ रविवार, नोकरी ३५ वर्षांची. १,८२० दिवस झाले. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे. सन १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद असताना कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि ते मंजूर झाले. आठवड्याचे सहा तास. ३५ वर्षांत दहा हजारांहून अधिक तास! स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, ते आज सत्तरच्या आसपास आले आहे. हे कोणा रसायनाने झाले नाही. लसी, स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, सुईणीऐवजी दवाखाना आणि थोडी विश्रांती, यांनी झाले. तारुण्य परत देणारी विद्या आपल्यापाशी आहेच. तिचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही, एवढेच.

आता आपण म्हणाल, हे सारे ठीक; तुम्ही स्वतः कोणते वय मागाल? टाळणार नाही. मी चाळीस मागेन. वीस नको. माझ्या पाळीचे सारे सोबती म्हातारे आणि मी एकटा पोरगा, असे झाले तर मी बसू कोणाजवळ? शिवाय विशीतला मी फाटकावर फार ओरडत असे आणि ऐकत कमी असे. चाळिशीत गुडघे शाबूत होते, रात्री वाचायला डोळे पुरत होते आणि समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सवय नुकतीच लागली होती. पेशीने आपले काम विसरू नये, एवढेच मागे जावे. माणसालाही तोच नियम लावावा असे मला वाटते.

मात्र माझी एक अट आहे. त्या दवाखान्यात रांग लागेल, तेव्हा त्या विडी वळणाऱ्या बाई माझ्या पुढे असाव्यात. त्यांचा नंबर येणार नसेल, तर माझा चष्मा आणि माझे पंचावन्न वर्षांचे गुडघे मला पुरेसे आहेत.