विषयाची निवड आणि कामगाराचे घर

(विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र, जयपूर येथे कामगार आणि त्यांच्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की कामगाराच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो : पुढे कोणता विषय घ्यायचा? या क्षेत्राला लागून जाणारा रस्ता ज्या सीकरकडे जातो, तेथे आणि कोट्यात प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचा मोठा बाजार भरला आहे. तेथील फी ज्याला परवडते, त्याला निवड करता येते. लेथवर राबणाऱ्याच्या घरात पगाराचा आकडा आधी बोलतो, मुलाची आवड मागाहून. पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असला तर मुलाला विज्ञान आणि मुलीला जवळच्या महाविद्यालयात मिळेल तो विषय, अशी वाटणी होते. तिला कोणी विचारीतही नाही.

१८३५ साली शाळा सोडताना सतरा वर्षांच्या कार्ल मार्क्सने व्यवसायाच्या निवडीवर निबंध लिहिला होता. आपण मार्ग ठरवू लागण्यापूर्वीच समाजातील आपले स्थान बऱ्याच अंशी ठरलेले असते, ही जाणीव त्यात आहे. पुढे वडिलांच्या इच्छेनुसार तो कायदा शिकू लागला. १८४१ साली डॉक्टरेट मिळवली ती तत्त्वज्ञानात.

आपल्याकडील दोन उदाहरणे पाहा. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. प्राचीन नाणी तोलून, त्यांच्या झिजेला संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहासाचा माग काढला आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. एकदा घेतलेला विषय म्हणजे जन्माची बेडी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, अर्थशास्त्र शिकले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुद्धी त्यांची होती; परंतु शिष्यवृत्तीवाचून तो मार्ग खुला झाला नसता.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे : नोकरीची चिंता रास्त आहे, तिला कोणी क्षुद्र म्हणू नये. परंतु फीचा हिशेब मांडताना मुलीचे नावही त्याच कागदावर लिहा. सरकारी महाविद्यालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची चौकशी अर्जाची मुदत संपण्यापूर्वी करा. पाळीत काम करणाऱ्या तरुणांनी मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. ज्या कोट्यात शिकवण्यांचा बाजार आहे, त्याच कोट्यात १९८७ साली असे विद्यापीठ स्थापन झाले आहे. विद्यार्थ्यांनो, इतिहास अथवा भाषा घेतली म्हणून मान खाली घालू नका. कारखान्याचा ताळेबंद वाचणारा, कामगार कायदा जाणणारा, यंत्र समजणारा आणि आपल्या माणसांचा इतिहास लिहिणारा, हे सारेच आपल्याला हवे आहेत.

आणि जे एका घराच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते संघटनेने हाती घ्यावे. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ सालची शिफारस. ते प्रमाण अद्याप गाठलेले नाही. वेतनाच्या मागणीशेजारी ही मागणीही आपल्या पत्रकात आली पाहिजे. कारण विषय निवडण्याचा हक्क फीच्या पावतीवर अवलंबून असेल, तोवर त्याला हक्क म्हणता येणार नाही.