उल्केच्या गांवीं आकाशदर्शन

आकाश पाहावयाचें तर मान वर करावी लागते, हें लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत एक स्थळ असें आहे कीं, तेथें आकाशाचा प्रताप पाहण्यासाठीं मान खालीं करावी लागते. तें स्थळ म्हणजे लोणारचें विवर. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, खोली सुमारें दीडशें मीटर, आणि तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर. बेसाल्ट नांवाच्या काळ्या पाषाणांत अशी प्रचंड वाटी कोणी कोरली असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली. तें ज्वालामुखीचें मुख असावें, असें पुष्कळ काळ अनेकांस वाटे. पुढें तेथील खडकांत मास्केलिनाइट नांवाचा कांचेसारखा पदार्थ सांपडला. तो अत्यंत प्रचंड आघातानेंच तयार होतो. १९७३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि आकाशांतून आलेल्या पाषाणानें हें विवर पाडलें, हें मत दृढ झालें. आघाताच्या काळाविषयीं मात्र दोन हिशेब आहेत. एका पद्धतीनें सुमारें ५२ हजार वर्षें, तर दुसरीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें. लवणासुराच्या वधाची कथा गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळाशीं निगडित आहे. ती कथा आपल्या ठिकाणीं गोड आहे. दगडाची साक्ष ऐकल्यानें तिची गोडी उणी होते, असें मला वाटत नाहीं.

ज्या भूमीवर आकाशानें अशी मुद्रा उमटविली, तेथें तरी सार्वजनिक आकाशदर्शनाचे कार्यक्रम गांवोगांव व्हावेत, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. ही प्रथा महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतांतील सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. १९८५-८६ च्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूनें लोकांत जी जिज्ञासा जागृत केली, तिच्यांतून मुंबईचें खगोल मंडळ उदयास आलें; वांगणी येथील त्याचीं रात्रभर चालणारीं आकाशदर्शनें अनेकांच्या परिचयाचीं आहेत. या सर्वांच्या पूर्वीं शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं शिक्षकाचा पेशा सांभाळून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला व तो १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरास या नांवाचा मोठा आधार वाटतो.

आतां, आकाश दाखवावें कसें? याचें उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. विवाहप्रसंगीं वधूस अरुंधती दाखवितात. ती तारका बारीक. म्हणून अगोदर सप्तर्षि दाखवावे, मग त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांपैकीं मधला वसिष्ठ, आणि मग त्याला बिलगलेली अरुंधती. स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेणाऱ्या या रीतीला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. दुर्बिणीपाशीं लागलीच रांग लावणारे हा न्याय विसरतात. प्रथम उघड्या डोळ्यांनीं ओळख व्हावी. हिवाळ्याच्या रात्रीं मृगांतील बाणाचे तीन तारे पाहावे. त्यांची रेषा एका बाजूस वाढविली कीं तेजस्वी व्याध, दुसऱ्या बाजूस रोहिणी, आणि आणखी पुढें कृत्तिकांचा पुंजका. लोणारचा अक्षांश जवळजवळ २० अंश. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तितकाच वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें १० अंश झांकते. तेव्हां दोन मुठी मोजाव्या कीं ध्रुव सांपडला! भूगोलाचा धडा असा हातानें मोजलेला मूल जन्मभर विसरत नाहीं.

मग अंतरें सांगावीं. व्याधाचा किरण येथें पोंचण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे तिसरींतल्या मुलानें आज पाहिलेला प्रकाश त्याच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. देवयानी नक्षत्रांतील अंधुक ठिपक्याचा प्रकाश तर सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वींचा.

दुर्बिणींतून चंद्र दाखवावयाचा तर पौर्णिमा टाळावी. त्या दिवशीं सूर्याचे किरण समोरून पडल्यामुळें सावल्या दिसत नाहींत. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड व अंधार यांच्या सीमेवर विवरांचे कांठ उठून दिसतात. तेथील कोपर्निकस नांवाचें विवर सुमारें ९३ किलोमीटर रुंद आहे. लोणारच्या मुलास तें दाखवून ‘तुझ्या गांवीं याचाच धाकटा भाऊ आहे’ असें सांगतां येतें. हें भाग्य किती गांवांच्या वांट्यास आलें आहे?

परंतु या सर्वांस एक वस्तु अवश्य लागते, ती म्हणजे अंधार. डोळ्यांस त्याची पुरती संवय होण्यास सुमारें अर्धा तास लागतो, आणि एका झगझगीत दिव्यानें तो अर्धा तास क्षणांत वायां जातो. मोठ्या शहरांतील किती मुलांनीं आकाशगंगा पाहिली आहे? आमच्या खेड्यांतही आतां उंच खांबांवरचे दिवे रस्त्याइतकेच आकाशही उजळूं लागले आहेत. दिवे नकोत, असें मी म्हणत नाहीं. रात्रीं घरीं परतणाऱ्या स्त्रियांस व वृद्धांस ते हवेतच. मात्र त्यांचीं तोंडें जमिनीकडे असावींत. विदर्भांतीलच पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें देशांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथें आसपासच्या गांवांतील दिवे अशा रीतीनें बदलण्यांत आले.

लोणारचें विवर अभयारण्य आहे. तेथील रात्र वन्य प्राण्यांचीच राहूं द्यावी. आपणांस शाळेचें मैदान पुरेसें आहे. अमावास्येजवळची एक निरभ्र रात्र, एक सतरंजी, लाल कागद लावलेली विजेरी, आणि तारे ओळखणारा एक माणूस, एवढ्यावर आरंभ होतो. दुर्बीण मागाहूनही येईल. गेलेला अंधार परत आणणें मात्र कठीण आहे. म्हणून पुढल्या अमावास्येस आपल्या आळींतील दिवे घटकाभर मालवून मुलांस अंगणांत न्यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.