खेड्यातील लहान शाळा आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी विचारले, विषय कोणता? कार्यकर्ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर खेड्यातल्या शाळेत शिकवलंत, त्याच्यावरच बोला." तेव्हा आज मी खेड्यातल्या लहान शाळेविषयी बोलणार आहे. तिथे मुलांना कोणते विषय शिकायला मिळतात, कोणते मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत त्याचं पुढे काय होतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, विहार पुण्यात, आपण पुण्यात, आपली पोरं पुण्याच्या शाळेत. मग खेड्याच्या शाळेचं इथं काय काम? बंधूंनो, आपल्यापैकी कितीजण मूळचे पुण्याचे? कुणी भोर-मुळशीकडून आला, कुणी सोलापूर-नगरकडून, कुणाचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बोचकं घेऊन आले. आपलं गाव सुटलं. पण चुलत्याची, बहिणीची, मामाची मुलं आजही त्याच दोन खोल्यांच्या शाळेत बसतात. ती आपलीच मुलं आहेत.

आपण वंदनेच्या वेळी मंगल सुत्त म्हणतो. पाठ आहे म्हणून भराभरा म्हणतो, अर्थाकडे लक्ष जातंच असं नाही. त्यात भगवंतांनी उत्तम मंगल कशाकशाला म्हटलं आहे? एकाच गाथेत तीन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: बहुश्रुतता, शिल्प आणि विनय. बहुश्रुतता म्हणजे पुष्कळ ऐकलेलं, वाचलेलं, जाणलेलं असणं. शिल्प म्हणजे हातातलं कसब. विनय म्हणजे वागण्यातली शिस्त. यातलं एक घ्या आणि दोन सोडा, असं तथागतांनी सांगितलेलं नाही. शाळेचं वेळापत्रक कसं असावं याचं याहून सोपं माप मला तरी सापडलेलं नाही.

आता याच पुण्यातली एक गोष्ट सांगतो. १८८२ साली सरकारने हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी त्या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी लेखी निवेदन सादर केले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली याच शहरात मुलींची शाळा काढली, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं हेसुद्धा जोतीरावांनी विषयवार लिहून दिलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांची यादी बघा. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे. खेड्यातल्या शाळेत शहरापेक्षा विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारात कमी उपयोगाचे असता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. शेतीचा धडा नुसता पुस्तकातून नको, शाळेला नमुन्याची लहानशी शेती असावी, असंही त्यांनी सुचवलं. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करावं, शिक्षक लोकांत मिसळणारा असावा, त्याला दरमहा निदान १२ रुपये पगार असावा, इतका बारीक तपशील त्यांनी दिला.

आता ही यादी मंगल सुत्ताशेजारी ठेवा. इतिहास, भूगोल, व्याकरण ही झाली बहुश्रुतता. शेती आणि हिशेब हे शिल्प. नीती आणि आरोग्य हा विनय. तिन्ही आहेत. एकही सुटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, व्यवहारी शिक्षण म्हणजे काय, तर चांभाराच्या पोराने चपला शिवायच्या आणि महाराच्या पोराने गावकी करायची, हेच ना? ही शंका रास्त आहे. आपल्या समाजाला या शब्दाचा चटका बसलेला आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ घरचा धंदा शिकावा, अशी योजना आली होती. बापाचा धंदा म्हणजे बापाची जात, हे लोकांनी बरोबर ओळखलं. मोठा विरोध झाला आणि १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली.

तेव्हा फरक नीट समजून घेऊ या. जोतीरावांनी शेती मागितली ती इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीने मागितली. त्यांना पोराला नांगराला बांधायचं नव्हतं, नांगर धरणाऱ्याला शहाणं करायचं होतं. ज्ञान काढून नुसतं कसब दिलं तर ती वेठबिगारी होते, आणि कसब काढून नुसती घोकंपट्टी दिली तर पोरगं ना घरचं ना घाटचं होतं.

आणि एखादा विषय नाकारणं म्हणजे काय, हे परमपूज्य बाबासाहेबांइतकं कुणी भोगलं? हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या जिद्दीने संस्कृतचा अभ्यास केला. पण प्रत्येक पोराजवळ बाबासाहेबांची जिद्द असेल, असं धरून शाळा चालवता येत नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी सांगितलं होतं की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. शाळेत आलेलं मूल कायमचं साक्षर होईल अशा टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय बाहेर पडू नये, अशी त्यांची मागणी होती. त्या काळी मूल दारातून बाहेर जायचं. आज मूल वर्गात बसलेलं असतं, पण विषय वर्गाबाहेर राहतो.

इथे मी माझाच एक दोष तुमच्यापुढे कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. चार वर्ग, दोन गुरुजी, दोन खोल्या. केंद्र सरकारने १९८७ साली खडू-फळा योजना काढली होती, त्यातून शाळेला साहित्याची पेटी आली. पेटीत पृथ्वीचा गोल, नकाशे, लोहचुंबक, भिंग, लहान हत्यारांचा संच. सोबत ढोलकी आणि झांजा. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या खिशात गेली. का? तर तुटलं-फुटलं तर भरून कोण देणार! तपासणीला साहेब आले की पेटी उघडायची, मोजायची, पुन्हा बंद करायची.

चौथीतली एक मुलगी रोज विचारायची, "गुरुजी, पेटी कवा उघडायची?" मी म्हणायचो, "बघू." चौथी झाली. पुढची शाळा लांब, मध्ये ओढा. तिची शाळा सुटली ती सुटलीच. दोन वर्षांनी माझी बदली झाली, चार्ज देताना पेटी उघडली. यादीप्रमाणे सगळ्या वस्तू शाबूत. चुंबकावरचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. माझी पाठ थोपटली गेली. नुकसान झालं होतं ते मुलांचं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. पुढच्या शाळेत गेल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे कुलूप काढून टाकलं. दोन भिंगं फुटली. एकही पैसा कुणी माझ्याकडून वसूल केला नाही.

मित्रहो, त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या. २००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आलं. ही मोठी गोष्ट झाली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पण त्या कायद्याचं परिशिष्ट एकदा वाचा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक पाहिजे, असं त्यात आहे. मात्र चित्रकला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अर्धवेळ निदेशक केव्हा? तर पट शंभराच्या वर असेल तेव्हा. म्हणजे पट लहान, की कला आणि कसब आपोआप बाहेर! वाडी-वस्तीवरच्या मुलाचा गुन्हा काय, तर त्याची वस्ती लहान.

२०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक निघाल्या. त्यांच्या जागी समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढे आला. आपल्या जिल्ह्यात पानशेतला तसा प्रयोग झाला. त्यामागचं म्हणणं एकदम उडवून लावू नका. एका ठिकाणी मुलं जास्त असली तर विषयाला शिक्षक मिळतो, खेळायला सवंगडी मिळतात. पण पावसाळ्यात गाडी आली नाही तर सहा वर्षांचं मूल कसं जाणार? आणि अंतर वाढलं की आधी मुलीची शाळा सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: लहान मुलांची शाळा घराजवळच पाहिजे, आणि जो विषय तिथे नाही तो मुलांपर्यंत चालत गेला पाहिजे.

हे जमतं का? जमतं. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. वेल्डिंग करता करता भूमिती, माती तपासता तपासता रसायनशास्त्र. तिथे जात बघून काम दिलं जात नाही. सगळ्यांनी सगळं शिकायचं. आणि पुण्यातल्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. जुनी काडेपेटी, सायकलच्या नळीचा तुकडा, एवढ्यावर प्रयोग होतो. त्याला कुलूप लागत नाही.

आता आपण काय करायचं, ते सांगून थांबतो.

पहिली गोष्ट. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडची मुलं आपल्या घरी येतात. त्यांच्यासाठी या विहारात आठ दिवसांचा वर्ग घ्या. या सभेत वायरमन आहेत, परिचारिका भगिनी आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, बँकेत आणि कॉम्प्युटरवर काम करणारे तरुण आहेत. प्रत्येकाने आपलं एक काम शिकवा. मुलीलाही वायरिंग आणि मुलालाही शिवण.

दुसरी गोष्ट. दहावीच्या मंडळाच्या विषयांत पाली आहे. २०२४ साली केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या विद्यापीठात पालीचा विभाग आहे. पण शाळेत शिकवणारं कुणी नसेल तर विषय कागदावरच राहतो. रविवारी विहारात पालीचा वर्ग लावा, म्हणजे मंगल सुत्त नुसतं पाठ राहणार नाही, समजेल.

तिसरी गोष्ट. जत्रेला किंवा लग्नाला गावी गेलात की शाळेत डोकवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. भावाला, वहिनीला सांगा, बैठकीला जा आणि विचारा: साहित्याची पेटी उघडी आहे का? विज्ञानाचे प्रयोग होतात का? नवोदय विद्यालयाच्या आणि राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला किती मुलं बसवली? नवोदयात निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत. ही शिष्यवृत्ती आठवीतल्या परीक्षेवर मिळते आणि बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये येतात. फॉर्मची तारीख कुणी सांगितली नाही म्हणून ही संधी हुकू नये.

याच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला लिहायला शिकवलं, म्हणून तिचं दुःख आज आपल्याला माहीत आहे. ज्यांना शिकवलं नाही त्यांचं काय झालं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

माझ्या खिशात जशी किल्ली होती, तशी आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात एखादी आहे. तुम्हाला जे येतं, ती किल्ली. ती सांभाळत बसू नका. चार भिंगं फुटली तर फुटू द्या.

 जयभीम! नमो बुद्धाय!