एका मोठ्या संख्येचे गुण
(विरार येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



मोठा गुणाकार म्हटला की मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात मुलांचा दोष नाही. सहा अंकी संख्या त्यांच्यापुढे बहुधा केवळ कष्ट म्हणून, क्वचित शिक्षा म्हणूनही येते. उत्तर बरोबर ठरले की तिचा संबंध संपतो. जिचा एक गुणाकार केल्यावर मुले आपण होऊन दुसरा मागतील, अशी एक संख्या आज आपणांपुढे ठेवतो. ती संख्या १,४२,८५७ ही होय.

तिला २ ने गुणल्यास २,८५,७१४ येतात. ३ ने गुणल्यास ४,२८,५७१. अंक तेच, क्रमही तोच. आरंभ मात्र निराळ्या अंकापासून. ६ पर्यंत हा नियम ढळत नाही, आणि ७ ने गुणताच ९,९९,९९९ येतात! येथे कारण सांगण्याची घाई करू नये. मुलांकडून फळ्यावर १ ला ७ ने भागवून घ्यावे. बाकीवर शून्य देत गेल्यास बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते. पुन्हा १ आला की तेच चक्र सुरू होते आणि भागाकारात १४२८५७ हेच अंक फिरून फिरून येतात. २ ला ७ ने भागणे म्हणजे याच चक्रात दुसऱ्या ठिकाणी शिरणे. अशा रीतीने चमत्काराचे कारण मुलांच्याच हाती लागते.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते. अशा संख्यांस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. शिवाय तिच्या अंकांची बेरीज २७ असून, २७ ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार ५२९१. अशा संख्यांस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली आपल्याच जिल्ह्यातील डहाणूस झाला. देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळेत शिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही ६१७४ या संख्येस आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखतात. संख्यांशी मैत्री जोडण्यास फळा, खडू व चिकाटी एवढी सामग्री पुरते, हे शिक्षकाच्याच पेशात राहून त्यांनी दाखविले.

लहान वर्गांत ४५ पासून आरंभ करावा. तिचा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. पन्नास व साठ यांच्या दरम्यान अशीच आणखी एक संख्या आहे. ती मी येथे सांगत नाही, आपणही वर्गात सांगू नये. ती शोधताना मुले दोन अंकी संख्यांचे किती गुणाकार आनंदाने करतात, तेवढे मात्र अवश्य पाहावे.